महाड नगरपालिका : मताधिकार आणि सार्वजनिक पाणवठा

महाड हे महाराष्ट्राच्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. येथील नगरपालिकेचा इतिहास हा ग्रामीण परिसरातील एका लहान नगराच्या स्थानिक स्वराज्याचा इतिहास आहे. १९२४ ते १९३७ या काळात येथील चवदार तळ्याच्या वापराचा प्रश्न उभा राहिला आणि त्यातून लोकनियुक्त संस्थेच्या अधिकाराची मर्यादा कोणती, हा प्रश्न स्पष्टपणे पुढे आला. चवदार तळ्याचा सत्याग्रह ही सामाजिक इतिहासातील सुपरिचित घटना आहे. तीत नगरपालिकेचे ठराव, त्यामागील मतदारवर्ग आणि कायद्याने त्या संस्थेस दिलेली मालकी यांचा वाटा किती होता, याचा येथे प्रामुख्याने विचार केला आहे.

नगर व परिसर : महाड सावित्री नदीच्या काठी, गांधारी नदीच्या संगमाजवळ वसले आहे. रायगड किल्ला येथून सु. २५ किमी. अंतरावर आहे. बाणकोटच्या खाडीतून गलबते महाडपर्यंत येत असल्याने आणि घाटमाथ्याकडे जाणारे मार्ग येथून निघत असल्याने हे गाव जुन्या काळापासून व्यापारी पेठ म्हणून प्रसिद्धीस आले. रेल्वे व मोटारी यांमुळे जलमार्गाचे महत्त्व कमी झाले, तरी आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ व तालुक्याची कचेरी असलेले गाव हे त्याचे स्वरूप कायम राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावाची लोकसंख्या सात ते आठ हजारांच्या दरम्यान होती व तीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोक चारशेहून कमी होते.

गावात राहणारे अस्पृश्य थोडे असले, तरी गावाशी रोजचा संबंध येणारे अस्पृश्य पुष्कळ होते. भोवतालच्या खेड्यांतील महार व चांभार बाजारहाटासाठी महाडला येत. तसेच गावकामगार या नात्याने सरकारी कागदपत्रे व वसुली पोहोचविण्यासाठी महारांना तालुका कचेरीत यावे लागे. पाण्याची खरी अडचण या येणाऱ्या-जाणाऱ्यांना होती. परंतु नगरपालिकेचा मतदार होण्यास नगरपालिकेच्या हद्दीत वास्तव्य वा मालमत्ता आवश्यक असे. अशा रीतीने गावच्या बाजारावर व रस्त्यांवर अवलंबून असलेला एक मोठा समूह गावच्या मतदारयादीबाहेर होता. बाजाराच्या लहान गावांतील स्थानिक शासनाचे हे वैशिष्ट्य बहुतेक ठिकाणी आढळते. महाडच्या बाबतीत त्याचे परिणाम विशेष गंभीर झाले.

नगरपालिकेची स्थापना व मताधिकार : मुंबई इलाख्यात मुंबई शहराबाहेरील गावांसाठी १८५० च्या सव्विसाव्या अधिनियमाने नगरपालिका स्थापण्याची सोय केली. महाडची नगरपालिका १८६६ मध्ये स्थापन झाली. १८६९ मध्ये शासनाने चवदार तळे तिच्या स्वाधीन केले. पुढे न्यायालयीन निकालात ही गोष्ट महत्त्वाची ठरली. १८७३ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाने लोकसंख्येनुसार नगरपालिकांचे दोन वर्ग केले. दहा हजार वा त्याहून अधिक वस्तीच्या गावांत शहर नगरपालिका व किमान दोन हजार वस्तीच्या गावांत गाव नगरपालिका असे ते वर्ग होत. या काळातील लहान नगरपालिका प्रत्यक्षात शासकीय खात्याच्याच शाखा होत्या. कलेक्टर पदसिद्ध अध्यक्ष असे आणि सभासद शासननियुक्त असत.

लॉर्ड रिपनच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने स्थानिक संस्थांत निवडणुकीचे तत्त्व वाढविण्याचे धोरण जाहीर झाले. त्यास अनुसरून मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये दोन अधिनियम झाले. पहिल्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे निर्माण झाली आणि दुसऱ्याने नगरपालिकांत निवडून आलेल्या सभासदांना स्थान मिळाले. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका अधिनियमाने या तरतुदी एकत्र केल्या. १९२५ च्या अधिनियमान्वये मोठ्या शहरांच्या नगरपालिकांसाठी निराळी व्यवस्था झाली, तरी महाडसारख्या लहान गावांचा कारभार १९०१ च्याच अधिनियमाखाली चालू राहिला.

या सर्व अधिनियमांत मताधिकार हा नागरिकत्वाचा हक्क मानलेला नव्हता. विशिष्ट रकमेचा कर भरणारे, ठरावीक किंमतीची मालमत्ता असणारे आणि पदवीधर, वकील यांसारखे शिक्षित लोक हेच मुख्यत्वे मतदार होत. ‘जो कर देतो, त्याने कराच्या विनियोगाबद्दल बोलावे’ अशी या व्यवस्थेमागील भूमिका होती. लहान गावात तिचा अर्थ असा होई, की घरमालक, व्यापारी, सावकार, वकील व खोत यांच्या घराण्यांतून मतदारांची यादी भरे आणि त्याच घराण्यांतून उमेदवारही उभे राहत. मतदार आणि उमेदवार एकमेकांस ओळखत असत. आळी, जात, सोयरीक, देणेघेणे आणि कूळ-खोत संबंध यांवर मते ठरत. राजकीय पक्षांचा संबंध क्वचितच येई. घराच्या नावाने घरपट्टी नसलेले व इतरांच्या जमिनीवर राहणारे कुटुंब या यादीत सहसा येऊ शकत नसे. अस्पृश्यांपैकी फारच थोडे लोक मतदार होऊ शकत, याचे कारण हेच होते.

ज्यांना मत नव्हते त्यांच्या प्रतिनिधित्वासाठी शासकीय नेमणूक हा एकच मार्ग उरे. त्याचे उदाहरण महाड तालुक्यातच घडले. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त झालेले, अस्पृश्यतेविरुद्ध लेखन करणारे आद्य कार्यकर्ते. १८९५ मध्ये शासनाने त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. एका महार गृहस्थाने सभासद म्हणून शेजारी बसावे, ही गोष्ट उच्चवर्णीयांस रुचली नाही व त्यांनी उघड नापसंती व्यक्त केली. नेमणुकीने जागा मिळाली, तरी समान दर्जा मिळत नाही, हे या प्रसंगाने दिसून आले.

बोले ठराव व १९२४ चा निर्णय : ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले, तसेच शासनाने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. शासनाने सप्टेंबर १९२३ मध्ये आपल्या खात्यांस त्याप्रमाणे वागण्याची आज्ञा दिली. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बाबतीत मात्र आज्ञा न देता, त्यांनी या शिफारशीचा विचार करावा, एवढेच कलेक्टरांमार्फत सुचविले. स्थानिक संस्थांची स्वायत्तता हे त्यामागील कारण होते. एका सभागृहाने मान्य केलेला हक्क प्रत्यक्षात येणे हे अशा रीतीने गावोगावच्या मतदारांच्या प्रतिनिधींवर सोपविले गेले.

महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांस वापरू देण्यास आपली हरकत नसल्याचे नमूद केले. इलाख्यातील अनेक संस्थांनी या विषयाची दखलच घेतली नव्हती, हे पाहता हा ठराव उल्लेखनीय होता. गावात सुधारक विचारांची काही मंडळी होती. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्यांपैकी एक होत. तथापि ठराव झाल्यावर तीन वर्षांत एकाही अस्पृश्याने तळ्याचे पाणी घेतले नाही. ठराव कागदावर होता. तळ्याच्या भोवती मात्र सवर्णांची घरे होती. ठरावामुळे कोणाच्या रोजच्या व्यवहारात फरक पडत नव्हता, म्हणूनच त्याला विरोधही झाला नाही. स्थानिक संस्थांतील मतदानाचा अभ्यास करताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ज्या ठरावाची अंमलबजावणी कोणी मागत नाही, त्याला मिळालेल्या मतांवरून मतदारांचे खरे मत कळत नाही.

५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी कायदे मंडळात आणखी एक ठराव आणला. पूर्वीच्या शिफारशीची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डे यांचे अनुदान रोखावे, असा त्याचा आशय होता. केवळ शिफारशीने काम भागत नाही, याची ती कबुलीच होती.

१९२७ च्या घटना : १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या आयोजनात रामचंद्र बाबाजी मोरे यांचा मोठा वाटा होता. अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे व टिपणीस यांचेही साहाय्य होते. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २० मार्च रोजी परिषदेस जमलेले हजारो लोक मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेले आणि डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्यामागून इतरांनी तळ्याचे पाणी घेतले. नगरपालिकेच्या ठरावाने जे मान्य केले होते, तेच या लोकांनी केले. त्यानंतर अस्पृश्य वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार असल्याची अफवा पसरून परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. तळे विटाळले असे मानून सवर्णांनी पंचगव्याने त्याचे शुद्धीकरण केले.

यानंतर नगरपालिकेवर गावातील सवर्णांचा दबाव आला व ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. हा निर्णय कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने, सभासदांच्या बहुमताने व आपल्या अधिकाराच्या कक्षेत घेतला होता. त्या संस्थेस निवडून देणाऱ्या मतदारांच्या इच्छेशीही तो विसंगत नव्हता. ज्या लोकांच्या पाण्याचा प्रश्न होता, ते मात्र मतदारयादीत जवळजवळ नव्हतेच. आणि सर्वच्या सर्व असते, तरी सात-आठ हजारांच्या गावात चारशेहून कमी लोकांना बहुमत मिळणे शक्य नव्हते. मताधिकाराचा विस्तार आवश्यक होता. पण केवळ तेवढ्याने हा प्रश्न सुटणारा नव्हता.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. तत्पूर्वी काही सवर्ण नागरिकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबर १९२७ रोजी परिषद भरली आणि त्या दिवशी मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. दावा न्यायप्रविष्ट असल्याने पाणी घेण्याचा कार्यक्रम मात्र तहकूब ठेवण्यात आला.

न्यायालयीन निर्णय : तळे हे खाजगी स्वरूपाचे असून ते केवळ स्पृश्य हिंदूंनी व मुसलमानांनी वापरावे, अशी अनादी काळापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला. अपिलातही वादींस यश आले नाही. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे वादींचे दुसरे अपीलही फेटाळले गेले.

निकालाचा आधार समजून घेणे महत्त्वाचे आहे. अस्पृश्य लोक हे तळे प्रत्यक्षात वापरत नव्हते, ही गोष्ट न्यायालयाने मान्य केली. परंतु ही वहिवाट अनादी आहे, हे सिद्ध झाले नाही. नगरपालिकेची स्थापना होऊन तळे तिच्या स्वाधीन झाले, त्यापूर्वीच्या स्थितीबद्दल पुरेसा पुरावा नव्हता. तळ्याभोवती सवर्णांची वस्ती होण्यापूर्वी त्याचे पाणी कोणा एका वर्गासाठी राखून ठेवण्याचा प्रयत्न झाला असेल, हे न्यायालयास संभवनीय वाटले नाही. तळे १८६९ पासून नगरपालिकेकडे, म्हणजे एका सार्वजनिक संस्थेकडे आहे, या गोष्टीमुळे वादींचा खाजगी हक्काचा दावा टिकला नाही. रूढी सिद्ध झाली असती, तर ती वाजवी व सार्वजनिक धोरणास धरून आहे काय, याचा विचार करावा लागला असता. तशी वेळच न आल्याने न्यायालयाने त्या प्रश्नाचा निर्णय दिला नाही. म्हणजे अस्पृश्यांचा विजय पुराव्याच्या मुद्यावर झाला. अस्पृश्यतेची रूढीच बेकायदेशीर आहे, असे त्या वेळी कोणत्याही न्यायालयाने म्हटले नव्हते.

संविधानातील परिणती : महाडच्या अनुभवाचे पडसाद पुढील घटनात्मक चर्चांत दिसतात. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात विधिमंडळांतील राखीव जागांबरोबरच, स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत दलित वर्गातील व्यक्तीस जातीच्या कारणाने कोणतीही आडकाठी असू नये व त्या वर्गास न्याय्य प्रतिनिधित्व मिळावे म्हणून सर्व प्रयत्न करावेत, असे स्वतंत्र कलम घालण्यात आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेडे हा राज्यव्यवस्थेचा पाया मानण्यास विरोध केला आणि स्थानिक संकुचितपणा व जातीयता यांकडे लक्ष वेधले. त्यांची ही भूमिका पुष्कळांना अतिरेकी वाटली. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींच्या संघटनेविषयीचे मार्गदर्शक तत्त्व संविधानात समाविष्ट झाले व ते आज चाळिसाव्या अनुच्छेदात आहे. महाडच्या ठरावांचा इतिहास लक्षात घेतल्यास आंबेडकरांच्या शंकेमागील अनुभव समजू शकतो.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदाने राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या अथवा सार्वजनिक उपयोगासाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरास जातीच्या कारणाने अटकाव करता येणार नाही, असे ठरविले. या तरतुदीचा आशय बोले ठरावाशी पुष्कळसा जुळतो. फरक आहे तो बंधनकारकतेचा. १९२३ मध्ये जी शिफारस होती व जिचा स्वीकार नगरपालिकांच्या मर्जीवर होता, ती १९५० पासून मूलभूत हक्क बनली आणि कोणत्याही गावच्या बहुमतास ती रद्द करण्याचा अधिकार उरला नाही.

प्रौढ मतदान व नंतरचा काळ : १९५० च्या सुमारास मुंबई राज्यातील स्थानिक संस्थांसाठी प्रौढ मतदानाची पद्धत आली व कर भरण्याशी असलेला मताधिकाराचा संबंध संपला. त्याच सुमारास खोती पद्धती कायद्याने नष्ट झाल्याने कोकणातील कुळांवरील आर्थिक दडपणही कमी झाले. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ मध्ये संमत होऊन १९६७ पासून अंमलात आला आणि राज्यातील विविध विभागांच्या नगरपालिकांना एकच कायदा लागू झाला. महाड लहान नगरांच्या ‘क’ वर्गात मोडते. २००१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २४,२७६ होती.

१९९२ मध्ये संमत व १९९३ पासून अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदांना संविधानात स्थान दिले. नियमित निवडणुका, राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात व स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा या गोष्टी बंधनकारक झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या. राखीव प्रभाग सोडतीने व फिरत्या क्रमाने ठरतो. अशा प्रभागात उमेदवार अनुसूचित जातीचा असला, तरी त्याला सर्व जातींचे मतदार निवडून देतात. त्यामुळे निवडून येण्यासाठी त्याला इतरांच्याही पाठिंब्याची गरज लागते. काहींच्या मते यामुळे सामंजस्य वाढते, तर काहींच्या मते प्रतिनिधी आपल्या समूहाची बाजू निर्भीडपणे मांडू शकत नाही. पुणे करारापासून चालत आलेला हा वाद प्रभागाच्या पातळीवरही संपलेला नाही.

लहान नगरांतील मतदानाची पद्धत पाहता जुन्या काळातील काही वैशिष्ट्ये बदललेल्या रूपात टिकून असल्याचे आढळते. विधानसभेला एका पक्षास मत देणारा मतदार नगरपरिषदेला ओळखीच्या उमेदवारास वा स्थानिक आघाडीस मत देतो. अशा आघाड्या इतक्या सर्रास आहेत, की स्थानिक संस्थांतील पक्षांतरास आळा घालणाऱ्या १९८६ च्या महाराष्ट्र अधिनियमात ‘आघाडी’ या शब्दाची स्वतंत्र व्याख्या द्यावी लागली. नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांनी करावी की सभासदांनी, याविषयीही राज्यात एकवाक्यता नाही. १९७४, २००१ व २०१६ मध्ये थेट निवडणुकीची पद्धत स्वीकारण्यात आली. २००६ व २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली गेली. मतदान गुप्त असले, तरी केंद्रवार मोजणीमुळे कोणत्या आळीने कोणास मते दिली, याचा अंदाज लहान गावात सहज बांधता येतो. अल्पसंख्य वस्तीच्या दृष्टीने ही बाब गौण नाही.

महत्त्व : स्थानिक स्वराज्य हे लोकशाहीचे शिक्षण देणारे साधन आहे, असे रिपनच्या काळापासून मानले जाते. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये काळाच्या पुढचा निर्णय घेऊन ते दाखवून दिले होते. त्याच संस्थेने १९२७ मध्ये तो निर्णय मागे घेतला. मतदारवर्ग मर्यादित होता हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे, की सार्वजनिक पाण्यावरील हक्क ही मतास टाकण्याची बाब समजली गेली होती. पहिले कारण प्रौढ मतदानाने दूर झाले, दुसरे संविधानाने. पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती व सफाई यांचा क्रम कसा लावावा, हे ठरविण्याचा अधिकार गावच्या मतदारांचा आहे. त्या सोयी कोणाला मिळाव्यात, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नाही. ही मर्यादा आज सर्वमान्य आहे. ती आखली जाण्यात महाडच्या एका तळ्याचा व त्याविषयीच्या दोन ठरावांचा वाटा मोठा आहे. दरवर्षी २० मार्चला तळ्याकाठी जमणारे लोक त्याचे स्मरण ठेवतात.